स्लॅबवरची बांधी

त्या उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या घरात बल्ल्यांचं जंगल उभं होतं आणि माय त्या जंगलात स्वयंपाक करत होती. जुन्या घराच्या छपराची कवेलू उतरवली होती, रांधायची खोली पाडली होती. नवा स्लॅब टाकून झाला होता, पण त्याच्याखालचं सेंट्रिंग, म्हणजे लोखंडी प्लेटा आणि त्यांना टेकू दिलेल्या लाकडी बल्ल्या, अजून निघायचं होतं. ओलं काँक्रीट तीन आठवडे बल्ल्यांच्या भरवशावर असतं, त्यानंतर त्याचं त्याला उभं राहावं लागतं. तेवढे दिवस चूल बाहेर मांड, असं मायला सगळ्यांनी सांगून पाहिलं. "माह्या घरात मी नाई रांधन त कोन रांधन?" असं म्हणून तिने मधल्या बीमच्या बरोबर खाली, दोन बल्ल्यांच्या मधोमध, चूल लावली. एका बल्लीला खिळा ठोकून तिथे झारा अडकवला, दुसरीला लसणाची जुडी, तिसरीला माझ्या शेंबड्या भाच्याचा पाळणा. वरच्या स्लॅबवरचं पाणी प्लेटांच्या फटींतून झिरपायचं. त्याखाली तिने एक गंज, म्हणजे उभं पातेलं, ठेवला होता, आणि दिवसभर त्यात टप्, टप्, थोडं थांबून पुन्हा टप्, असं चालायचं. लाखोळीचं वरण शिजतंय, वांग्याच्या भाजीत वाळलेले झिंगे पडलेत आणि त्या वासात ओल्या सिमेंटचा थंड वास मिसळलाय, असं काही आजही मला अधूनमधून झोपेत येतं. आज एखाद्या साइटवर कुणी बीमखाली चूल पेटवलेली दिसली तर मी त्याची खरडपट्टी काढीन. पण माझी सगळ्यात सुखाची जेवणं त्या बीमखालीच झाली आहेत, हेही खरं आहे.

मी तेव्हा पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष आटोपून सुट्टीत घरी आले होते. नागझिऱ्याच्या कडेला आमचं गाव. गावात मुली मास्तरणी व्हायच्या किंवा नर्स व्हायच्या. सिव्हिलला जाणारी मी पहिलीच. लोक मायला विचारायचे, "मंजू आता घमेले उचलन का वं?" बाबा काही बोलत नसत. त्यांनी मला शिकायला पाठवलं होतं, पण मी काय शिकते ते एकदाही विचारलं नव्हतं. घर बांधायला काढलं तेव्हाही विचारलं नाही. सुखराम मिस्त्रीने जमिनीवर काडीने रेघा ओढल्या, बाबांनी मान डोलावली, नकाशा झाला. स्लॅब टाकायच्या दिवशी अख्ख्या मोहल्ल्याला पोहे आणि जिलबी होती, आणि मला काम होतं जिलबी वाटायचं. जिलबीची परात हातात धरून मी शिडीवर चढले आणि काँक्रीट पडायच्या आधी सगळ्या सळया मोजून घेतल्या. मधल्या बीमच्या पोटात चार सळया होत्या, बारा मिलिमीटरच्या. वहीच्या पाठीमागच्या पानावर ते लिहून ठेवलं. कशाला लिहिलं? सांगता नाही येणार. कुणाच्या पोटात काय आहे हे आपल्याला ठाऊक असावं, ही खोड मला तेव्हापासूनच आहे.

स्लॅब टाकला की त्यावर बोटभर उंच पाळी घालून चौकोन करतात आणि त्यात पाणी भरून ठेवतात, म्हणजे काँक्रीट हळूहळू घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी बाबा वर चढले, कमरेवर हात ठेवून त्या पाण्याने भरलेल्या चौकोनांकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि खाली येऊन म्हणाले, "हे त बांधीच झाली." आमच्याकडे धानाच्या शेताच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात, चारी बाजूंनी मातीचा धुरा आणि मधे पाणी. बाबांच्या डोक्यात काय शिजतंय ते मायला लगेच कळलं आणि तिने कपाळावर हात मारला. दरवर्षी आमच्या परह्यांची, म्हणजे रोवणीसाठी दाट पेरून वाढवलेल्या धानाच्या रोपांची, जंगलातली डुकरं नासाडी करायची. एका रात्रीत सगळं उखडून चिखल करून जायची. बाबा मचाणावर बसून डबे वाजवायचे आणि सकाळी डोळे लाल करून घरी यायचे. आता डुकराला काही शिडी चढता येत नाही! "पानी त माराचंच हाये वरतं," बाबा म्हणाले, "मंग ते वाया कायले जाऊ द्याचं?" आणि मग, जेवता जेवता, माझ्याकडे न बघता, "काऊन मंजे, चार बोटं माती टाकली त चालन ना?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. एकोणीस वर्षांत बाबांनी मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. तेही माझ्या विषयातलं. मी वही उघडली नाही, पेन घेतला नाही, एक आकडा मांडला नाही. आनंदाने माझे कान गरम झाले होते. "चालते ना बाबा," मी म्हणाले, "स्लॅब म्हंजे काय साधी गोष्ट हाये का?" बाबांनी मान हलवली आणि वरण मागितलं.

दोन-तीन दिवसांनी माती वर चढायला लागली. तळ्याच्या पोटातली काळी माती, शेणखत मिसळलेली. शिडीवर तीन माणसं, हातोहात टोपलं वर जायचं, आणि बाबा कडेला उभे राहून मोजायचे. धान मोजतात तसंच: पहिल्याला एक म्हणायचं नाही, "राम" म्हणायचं, मग दोन, तीन, आणि वीस झाले की एक खडा बाजूला. माती मोजायची काही गरज नव्हती. पण वर जाणारं टोपलं बाबांनी न मोजता सोडलं असतं तर ते त्यांना रात्रभर टोचलं असतं. चार बोटांची सहा बोटं झाली, सहाची वीत होत आली, आणि कडेच्या पाळीचा रुंद धुरा झाला. "थोडी जास्त माती असली त परे जोमात येतात," बाबा म्हणाले. सुखराम मिस्त्री खाली बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "भाऊ, माह्या स्लॅबवर हत्ती नाचला तरी काई होत नाई." मी हसले. त्या मातीत बाबांनी फुगवलेलं धान फेकलं, आणि आठवडा व्हायच्या आत आमच्या घराच्या डोक्यावर हिरवी लव आली.

त्या दिवसांबद्दल मला काय लिहावं ते कळत नाही, कारण त्यात घडलं काहीच नाही. संध्याकाळी मी वर जायची. पूर्ण गावात आमचंच घर उंच, त्यामुळे चारी बाजूंना फक्त कवेलू, चिंचेचे शेंडे आणि पलीकडे जंगलाची काळी रेघ. परह्यांमध्ये बोटभर पाणी आणि त्यात आभाळ. बगळे यायचे. त्यांना काय फसवणार, पण फसले होते बिचारे. एका पायावर उभे राहून कधी मला बघायचे, कधी खाली अंगणातल्या कोंबड्यांना बघायचे, आणि त्यांचा घोटाळा त्यांच्या तोंडावर दिसायचा. धान फेकल्याच्या दहाव्या दिवशी एक बेडूक सापडला. बारा फूट उंचीवर तो कसा आला, मातीत झोपून आला की शिडीने आला, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मी धुऱ्यावर आडवी पडायची, पाय पाण्यात. खालून मायच्या पोळपाटाचा आवाज स्लॅबमधून माझ्या पाठीत यायचा. आपण घरात आहोत की शेतात, जमिनीवर आहोत की वर, हे त्या वेळी मला खरोखर सांगता आलं नसतं, आणि कुणी विचारतही नव्हतं.

हिशोब मी केला तो निव्वळ मौज म्हणून. एका दुपारी जेवण झाल्यावर बीमखाली गोणपाट टाकून पडले होते. माय भांडी घासत होती, भाचा पाळण्यात झोपला होता, गंजात टप् टप् चाललं होतं. वर बघता बघता वाटलं, पोटातल्या सळया ठाऊक आहेतच, तर हा बीम किती उचलू शकतो ते बघू. कुणी दुपारी गाणं गुणगुणावं तसं मी ते मांडत गेले. स्लॅबचं स्वतःचं वजन. त्याचा निम्मा निम्मा भार बीमवर. मग वरची माती. कोरडी माती नव्हे, पाणी पिऊन तट्ट फुगलेली माती. शेवटचा गुणाकार केला आणि मी उठून बसले. पुन्हा केला. तिसऱ्यांदा दुसऱ्या पानावर केला, म्हणजे पहिल्या पानाचं बघून चूक व्हायला नको. बीम लगेच पडेल असं उत्तर नव्हतं. पण बांधकामात जो जादा ताकदीचा हात राखून ठेवायचा असतो, हाताने कालवलेल्या काँक्रीटसाठी, मिस्त्रीच्या विसराळूपणासाठी, उद्या काय होईल ते कुणाला ठाऊक नसतं म्हणून, तो जवळजवळ सगळा त्या मातीने खाऊन टाकला होता. आता बल्ल्या आहेत म्हणून सगळं ठीक. बल्ल्या काढल्या आणि परे काढायला आठ-दहा बाया वर वाकल्या, तर मला काही सांगता येणार नव्हतं. आणि त्याच्या खाली चूल होती.

तीन दिवस मी कुणाला बोलले नाही. भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती, हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही. "चालते ना बाबा" हे माझंच वाक्य मला गंजातल्या थेंबासारखं ऐकू यायचं. रात्री वाटायचं, सकाळी सांगू. सकाळी बाबा वर जाऊन परह्यांवरून हात फिरवून यायचे आणि त्यांचा चेहरा बघून मी वही मिटून ठेवायची. माय म्हणाली, "काऊन वं, जेवून नाई राहिली? पोट दुखते का?" मी म्हणाले, हो.

एकविसाव्या दिवशी दुर्गाभैय्या ट्रॅक्टर घेऊन आले. सेंट्रिंगचं सामान त्यांचं. गोंदियाचे, धंद्याची भाषा हिंदी, आणि दोन दिवसांनी सडक अर्जुनीला दुसऱ्या एका स्लॅबसाठी त्यांना याच प्लेटा न्यायच्या होत्या. बाबा म्हणाले, "परे काढाले अजून आठ दिवस हायेत. पन तुम्ही काढा सामान. परे वरतं राहतीन, तुमचं काय अडते?" दुर्गाभैय्यांनी वर पाहिलं, हसले. "बीस साल से स्लॅब खोल रहा हूँ भाऊ, खेती पहली बार देख रहा हूँ." त्यांच्या माणसाने घण उचलला.

"थांबा," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की कुणी बघितलंच नाही. मी पुन्हा म्हणाले, आणि या वेळी भाचा जागा होऊन रडायला लागला. "बाबा, बल्ल्या काढू नोका. मी चुकली. मी हिशोब न करताच सांगतलं होतं. वरचं वजन बीमले झेपत नाई."

अंगणात सुखराम होता, दुर्गाभैय्यांची चार माणसं होती, शेजारचे होते. बाबांचा चेहरा बदलला. त्यांना माझ्या चुकीपेक्षा ती चारचौघांत सांगितली याचा राग आला असावा. "तवा चालत होतं, आता काऊन नाई चालत?" ते म्हणाले. सुखरामने बिडी फेकली. "पोरगी पुस्तकातलं बोलून राहिली भाऊ. मी पन्नास स्लॅब टाकले." दुर्गाभैय्या मला समजावत म्हणाले, "बिटिया, इक्कीस दिन हो गए, अब कुछ नहीं होता." मी वही पुढे केली. बाबांनी ती घेतलीसुद्धा नाही. त्या पानावरच्या इंग्रजी अक्षरांचं त्यांना काय होतं? मला रडू येत होतं आणि मी ठरवलं होतं की रडायचं नाही, कारण रडणाऱ्या पोरीचा हिशोब कोण ऐकतो!

मग मला ते खडे आठवले. मी शिडी चढले. पाळीच्या कोपऱ्यात बाबांनी ठेवले होते तसेच होते, चौदा. तिथलंच एक टोपलं घेतलं, ओल्या मातीने काठोकाठ भरलं, परह्यांसकट, आणि खाली दिलं. "हे दुकानात तोलून आना," मी सुखरामच्या पोराला म्हणाले. शेजारच्या किराणा दुकानात धान मोजायचा मोठा काटा होता. पोरगा आकडा घेऊन आला तोवर मी खडे घेऊन खाली उतरले होते. चोवीस किलो. मी खडे बाबांच्या तळहातावर ठेवले. "चौदा खडे, म्हंजे दोनशे ऐंशी टोपले. तुमीच मोजले. बाबा, आपल्या बंडीत किती माल येते?"

"दहा क्विंटल," बाबा म्हणाले. "त्याच्यावर बैल फेस गाळतात."

"मंग वरतं पावणेसात बंड्या उभ्या हायेत. भरलेल्या. अन् छत बांधलं ते साडेतीन बंड्यांचं."

बाबा खडे हातात घोळवत राहिले. त्यांनी ओठ हलवत स्वतःशी गुणाकार केला. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण धानाच्या हिशोबात त्यांना गावात कुणी हरवलं नव्हतं. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. आयुष्यात पुढे मी पुष्कळ मोठ्या साहेबांना कागद तपासताना पाहिलं, पण तेवढा माझा जीव कधी टांगणीला लागला नाही. शेवटी त्यांनी खडे खिशात टाकले आणि मायला हाक मारली, "मोहल्ल्यातल्या बायाईले बलाव. टोपले घेऊन."

"भाऊ, परे अजून बारीक हायेत," सुखराम म्हणाला. "मरतीन."

"मरतीन त मरतीन," बाबा म्हणाले.

त्या दिवशी दुपारभर परे खाली आले, चिखलाच्या वड्यांसकट, कापून कापून. दुर्गाभैय्या ट्रॅक्टरच्या सावलीत बसून राहिले; मायने त्यांना दोनदा चहा दिला, म्हणून असेल किंवा त्यांनाही आता उत्सुकता होती. मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून बाया मोजत होते: एका वेळी पाचच वर, आणि बीमच्या मध्यावर एकीनेच जायचं. बाया मला चिडवत होत्या. "आमी का हत्तीन हावो का वं मंजे?" एकीने मुद्दाम उडी मारून दाखवली, माझा जीव गेला, आणि सगळ्या खिदळल्या. अंगणात, ओसरीच्या कडेने, गोठ्याच्या भिंतीशी, जिथे जागा सापडली तिथे बाबांनी ते हिरवे तुकडे मांडले आणि कळशीने पाणी शिंपडत फिरत राहिले.

निम्मे परे जगले नाहीत. काही पिवळे पडले, काही शेजारच्या बकऱ्यांनी खाल्ले, डुकरांचं काम त्यांनी केलं म्हणायचं. मामांनी कामठ्याहून उरलेसुरले परे पाठवले, तरी एक बांधी त्या वर्षी तशीच पडून राहिली. बाबा जाता-येता त्या रिकाम्या बांधीकडे बघायचे, मला मात्र त्यावरून कधी बोलले नाहीत. ते खरोखर पडलं असतं का? हा प्रश्न मला माझ्या भाच्याने परवाच विचारला. तोच तो, बल्लीच्या पाळण्यातला. आता त्याला त्या स्लॅबवर पाण्याची मोठी टाकी बसवायची आहे. त्याच्या लॅपटॉपवर मी सगळं घालून पाहिलं. बीम, चार सळया, माती. उत्तर तेच आलं, माझ्या वहीतलं. कदाचित पडलं नसतं. कदाचित, एवढंच म्हणता येतं. इतकी वर्षं हा धंदा केला, पण त्या शब्दावर सही करायचं धाडस मला आजवर झालेलं नाही. टाकी मी त्याला भिंतीच्या डोक्यावर सरकवायला लावली.

पण त्या दिवशीचं सांगत होते. ऊन कलता कलता शेवटचं टोपलं उतरलं. बाबांनी वर जाऊन स्लॅब झाडून घेतला, खाली येऊन हातपाय धुतले. दुर्गाभैय्यांची माणसं बल्ल्या काढायला लागली, कडेपासून एकेक. लाकूड पडल्याचा आवाज रिकाम्या खोलीत घुमायचा, आणि जंगल विरळ होत होतं. मायने चूल विझवून भांडी बाहेर नेली होती, भाचा तिच्या कडेवर होता. शेवटी बीमच्या मध्याखालची एकच बल्ली राहिली.

"आता?" बाबांनी मला विचारलं.

"आता टिकते," मी म्हणाले.

"हिशोब केला?"

"केला, बाबा. तीनदा."

बाबांनी कोपऱ्यातला पाट उचलला, त्या शेवटच्या बल्लीला लागून बीमच्या बरोबर खाली ठेवला आणि त्यावर मांडी घालून बसले. "वाढ वं," ते मायला म्हणाले. माय दारात उभी राहिली, माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि ताट घेऊन आत आली. भात, वरण, वांग्याची भाजी. घण मारणारा माणूस थांबला होता. "खोल, खोल," बाबा त्याला म्हणाले, आणि भात कालवायला लागले. घण पडला. बल्ली सुटली. वरच्या प्लेटेने काँक्रीट सोडलं तेव्हा इतका मोठा आवाज झाला की अंगणातल्या बाया किंचाळल्या. माझे डोळे मिटले गेले. उघडले तेव्हा बाबा तसेच बसले होते, खांद्यावर थोडी सिमेंटची भुकटी. त्यांनी वर पाहिलं नव्हतं. घास गिळून ते मायला म्हणाले, "भाजीत मीठ कमी हाये."